पद्मिनीचा गिअरबॉक्स उतरवताय? आधी सेल्फ सोडवा

जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीचा गिअरबॉक्स खालून निघतो, त्यामुळे गाडी चारही बाजूंनी भक्कम घोड्यांवर (गाडी तोलून धरणाऱ्या लोखंडी स्टँडवर) घ्या, नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरायचा शहाणपणा नको. पहिलं काम म्हणजे बॅटरीची निगेटिव्ह काढणे, कारण सेल्फच्या (इंजिन सुरू करणाऱ्या स्टार्टर मोटरच्या) जाड वायरला कायम करंट असतो आणि पाना बॉडीला टेकला की ठिणग्या उडतात.

आता सेल्फचे बोल्ट, खरी डोकेदुखी हीच. आदल्या रात्री गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवा, सकाळी सहा कोनी गोटी (सॉकेट पाना) लावा (बारा कोनीने डोकं गोल होतं, मग बसा रडत), आधी जरा आवळायच्या दिशेने झटका द्या, मग उलटा. बोल्ट निघूनही सेल्फ चिकटलेला असेल तर कडेला लाकूड ठेवून हलके ठोके मारा.

बाकी सोपं आहे, गिअरबॉक्सचं ऑइल काढा, प्रोपेलर शाफ्ट (मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा), गिअरचे रॉड, स्पीडोमीटर केबल, क्लचचं लिंकेज सोडवा. इंजिनला खालून आधार द्या, मगच मागचा क्रॉसमेंबर (गिअरबॉक्सखालची आडवी पट्टी) उतरवा. गिअरबॉक्स सरळ मागे ओढायचा, इनपुट शाफ्ट (गिअरबॉक्सचा क्लचमध्ये शिरलेला दांडा) पूर्ण बाहेर येईपर्यंत गिअरबॉक्सचं वजन क्लचप्लेटवर लटकू द्यायचं नाही, नाहीतर प्लेट वाकते.