बी.एड. महाविद्यालयाच्या वार्तापत्रासाठी बातमी लिहिताना

महाविद्यालय जळगावच्या विद्यापीठाशी संलग्न असेल, तर आधी विद्यापीठाचं नाव. पहिल्या उल्लेखात कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ असं पूर्ण, पुढे ‘विद्यापीठ’ पुरे. २०१८च्या नामविस्ताराआधीच्या पदवीला मात्र ‘उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ’ हे जुनंच नाव ठेवा.

प्राध्यापकाची मौखिक परीक्षा झाली म्हणून लगेच ‘पीएच.डी. प्रदान’ छापू नका. विद्यापीठाची अधिसूचना येऊ द्या. ‘प्राचार्य’ की ‘प्रभारी प्राचार्य’, हे नेमणूकपत्र पाहूनच लिहा. इथली चूक सर्वांत जास्त बोचते.

खरी बातमी आंतरवासितेत, म्हणजे शाळेत जाऊन केलेल्या अध्यापनाच्या सरावात असते. दोन वर्षांत २० आठवडे, त्यातले १६ सहसा दुसऱ्या वर्षी. तरी छापून येतं काय, तर ‘उपक्रम उत्साहात संपन्न’! त्याऐवजी शाळा, इयत्ता, विषय, पाठांची संख्या आणि एक नेमकी अडचण लिहा. उदाहरणार्थ, नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावकडच्या आश्रमशाळेत, घरी पावरी ही आदिवासी बोली बोलणाऱ्या मुलांना मराठी कविता शिकवताना छात्राध्यापकांनी (बी.एड.च्या विद्यार्थ्यांनी) चित्रं वापरली की मुलांकडूनच शब्द घेतले?

मान्यवरांची नावं दोन ओळींत आटोपा. मुलांचे चेहरे दिसत असतील तर पालकांची लेखी संमती शाळेमार्फत आधीच घ्या. नंतर हंगाम लागला की अनेक पालक ऊसतोडीला गेलेले असतात.