अंगणवाडी तपासताना या चुका टाळा: आधी लेकरं मोजा, मग रजिस्टर उघडा

अंगणवाडी तपासायला आलेला माणूस आधी खुर्चीवर बसतो आणि मग रजिस्टरं मागवतो. गडबड इथूनच सुरू होते. हजेरी, आहार, साठा, वजन, लसीकरण हे सगळे कागद एकाच हातानं, पुष्कळदा एकाच बैठकीत लिहिलेले असतात. ते एकमेकांशी जुळणारच. जुळवून पाहायचं असतं ते कागदावरचं लेकरू आणि समोरचं लेकरू. तपासणारी मुख्य सेविका असो, ग्रामपंचायत सदस्य असो की गावच्या आरोग्य-पोषण समितीतली एखादी आई, मराठवाड्यातल्या गावांत त्याच त्या चुका होताना दिसतात.

निरोप धाडून जाणं

"उद्या तपासणी आहे" असा फोन गेला की त्या दिवशी हजेरी पूर्ण भरते, उसळीत मटकी दिसते आणि मदतनीस मावशींच्या डोक्याला रुमाल असतो. न सांगता जा, तेही गरम आहार वाटायच्या वेळेला. दारातच डोकी मोजा, आकडा मनात ठेवा आणि त्यानंतर त्या दिवसाचा हजेरीपट बघा. पातेल्यात किती शिजलंय तेही बघून घ्या. वीस लेकरांची खिचडी आणि बारा लेकरांची खिचडी यांतला फरक घरी रांधणाऱ्या कोणत्याही बाईला एका नजरेत कळतो.

कारखान्याला गेलेली लेकरं पटावर हजर

ही खास आपल्याकडची चूक. बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या भागांतली कित्येक कुटुंबं दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, सांगली-कोल्हापूरला किंवा थेट कर्नाटकात. तान्ही आणि शाळेत न जाणारी लेकरं बहुधा आईबापासोबतच फडावर असतात. तरी डिसेंबरचा हजेरीपट ऑगस्टइतकाच भरलेला दिसला, तर त्यातली दोन-चार नावं घेऊन सरळ घरी जा. कुलूप असेल, नाहीतर शेजारची आजी सांगेल, "ते तर दसऱ्यालाच गेले की कारखान्याला."

आता याची उलटी चूकही तितकीच वाईट. हजेरी खोटी नको म्हणून काही ठिकाणी ही नावं थेट कमी करतात. मग मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडून, म्हणजे तोडीचा हंगाम संपून, कुटुंब परत येतं, तेव्हा ते लेकरू कुणाच्याच यादीत नसतं. नाव राहू द्यावं, पुढे 'स्थलांतरित' असा शेरा, कोणत्या कारखान्याला गेले आणि मुकादमाचा फोन नंबर इतकं लिहून ठेवावं. पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या सरकारी अ‍ॅपवरही स्थलांतराची नोंद करता येते. माता-बाल संरक्षण कार्ड आईजवळ दिलंय ना, हे कुटुंब निघायच्या आधी विचारावं. कार्ड असलं की तिकडच्या अंगणवाडीत किंवा उपकेंद्रात लस कुठवर झाली हे कळतं. परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात वजन. गावात आजीपाशी मागे राहिलेल्या लेकरांचंही तेच, कारण त्यांच्या आहाराकडे लक्ष द्यायला घरात दुसरं कुणी नसतं.

वजन-उंचीचे आकडे तसेच मान्य करणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशनचं काम २००५ साली औरंगाबादेतून सुरू झालं; त्याच विभागात आज वजनकाटा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेला सापडावा, हे बरं दिसत नाही.

आधी नोंदवहीतलं वजनाचं पान नुसतं वरून खाली वाचा. सगळे आकडे पूर्ण किंवा अर्ध्या किलोवरच थांबत असतील, किंवा दर महिन्याला प्रत्येक लेकराचं वजन सारखंच दोनशे ग्रॅमनं वाढत असेल, तर ती वजनं काट्यावर झालेली नाहीत. खरं वजन असं सरळ रेषेत चालत नाही. जुलाब झाले की घटतं, महिनाभर आहे तिथेच राहतं, मग एकदम चढतं.

मग काटा. किराणा दुकानातून शिक्का मारलेली दोन आणि पाच किलोची वजनं मागून आणा आणि ठेवून बघा. फरक आला तर काटा सपाट फरशीवर घ्या, बॅटरी बदला, शून्यावर आणून पुन्हा बघा. तरी जुळत नसेल तर काटा बदलायची मागणी त्याच दिवशी लेखी द्या, आणि त्या महिन्याची वजनं शेजारच्या अंगणवाडीचा काटा आणून पुन्हा घ्या.

उंचीत घोळ जास्त. दोन वर्षांखालच्या लेकराची लांबी निजवून मोजायची, दोन वर्षांपुढच्याची उंची उभं करून. निजवून घेतलेलं माप उभ्या मापापेक्षा साधारण ०.७ सेंटीमीटर जास्त भरतं. दीड वर्षाच्या लेकराला उभं करून मोजलं की उंची कमी लागते, मग उंचीच्या मानानं वजन बरं दिसतं आणि तीव्र कुपोषित लेकरू 'मध्यम'मध्ये जाऊन बसतं. निजवून मोजताना दोघं लागतात, एकजण डोकं धरायला आणि एकजण पाय सरळ करायला. सेविकाताई एकटीच हे करत असतील तर ते माप धरू नका.

दंडाची पट्टी डाव्या दंडाच्या बरोबर मध्यावर, हात सैल सोडून. सहा महिने ते पाच वर्षांच्या लेकराचा दंड ११.५ सेंटीमीटरच्या आत असेल तर तीव्र कुपोषण, ११.५ ते १२.५ च्या आत असेल तर मध्यम. दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबून खड्डा राहतोय का तेही पाहा. खड्डा राहिला तर वजन कितीही असो, लेकरू लगेच आरोग्य केंद्रात न्यायचं. सुजेनं वजन फुगलेलं असतं.

जन्मतारीखही तपासा. आपल्याकडे मागच्या पिढीतल्या निम्म्या गावाचा वाढदिवस १ जूनला असायचा, मास्तरांनी तोच लिहिला म्हणून. ही खोड अंगणवाडीच्या पटावर दिसली तर जन्मदाखला मागा. वय चुकलं की वयानुसार वजन आणि उंची, दोन्हींच्या श्रेणी चुकतात.

आहाराचा साठा फक्त वहीत मोजणं

आरंभी शिल्लक, त्यात आलेला माल, वजा वापर, हा हिशोब कुणीही जुळवतो. पोती उघडा. माल जमिनीला टेकून ठेवलाय की फळीवर, उंदीर लागलाय का, घरपोच आहाराच्या पाकिटावरची तारीख काय, हे हातात घेऊन बघा. नंतर पाकीट मिळालेल्या एक-दोन घरी जा. ते शेळीपुढे पडलेलं दिसलं तर आईवर ओरडू नका. चव, वास, शिजवायची पद्धत यांतलं नेमकं काय नडतंय ते विचारा आणि लिहून घ्या. पूरक आहार वर्षातले ३०० दिवस मिळायला हवा, म्हणून आहार बंद राहिलेले दिवस आणि त्यांची कारणं वेगळी काढा.

पाणी आलं म्हणजे झालं

उन्हाळ्यात कित्येक गावं टँकरवर. टँकरचं पाणी विहिरीत ओततात, तिथून टाकीत, टाकीतून अंगणवाडीच्या माठात. क्लोरीनची तपासणी मात्र टाकीवरच करून मोकळे होतात. ओटी तपासणी, म्हणजे पाण्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून रंग बघणं, माठातल्या पाण्याची करा. लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक हवं. रंग पिवळा झालाच नाही, तर आधी माठ कधी घासला ते विचारा, मग जलसुरक्षकाला, म्हणजे गावचं पाणी शुद्ध ठेवणाऱ्या माणसाला, बोलवा.

इमारतीबद्दल फार लिहीत नाही. समाजमंदिरात भरो की भाड्याच्या खोलीत, उघडी वायर, झाकण नसलेला हौद, पावसाळ्यात सरपणाखाली निघणारे विंचू आणि कुलूपबंद शौचालय एवढं तरी बघाच. मे महिन्यात पत्र्याखाली दुपारी बाराला पाच मिनिटं स्वतः बसून पाहा, मग वेळ सकाळी का हवी ते लिहायला सोपं जातं.

'सर्व समाधानकारक' असा शेरा

शेरेबुकात हे दोन शब्द लिहिण्यापेक्षा काहीच न लिहिलेलं परवडलं. काय कमी आहे, ते कुणी भरून द्यायचं आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे तिन्ही लिहा. काटा, इमारत, धान्य या गोष्टी मानधनावर काम करणाऱ्या सेविकाताईंच्या हातात नसतात. तिथे बालविकास प्रकल्प कार्यालयाचं किंवा ग्रामपंचायतीचं नाव टाका. ताईंना आयांसमोर झापू नका, पुढच्या खेपेला तुम्हाला फक्त सजवलेली अंगणवाडीच दिसेल. शेऱ्याची एक प्रत बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे, एक ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (आधीचे ग्रामसेवक), आणि पोच घेतल्याशिवाय गाव सोडायचं नाही.