विद्यापीठाचे शुल्कपत्रक कसे वाचावे

प्रवेश निश्चित झाल्याचे पत्र आले की घरातील सर्वांची नजर शुल्कपत्रकाच्या तळाशी असलेल्या एकूण रकमेवर जाते. ती रक्कम खोटी नसते, पण तिच्यावरून फारसे काही ठरवता येत नाही. तिच्यात काही आकार एकदाच घेतले जाणारे असतात, काही दर सत्राला पुन्हा येणारे असतात, काही परत मिळणारे असतात, आणि काही तर त्या पत्रकावर छापलेलेच नसतात. म्हणून शुल्क किती, हे विचारण्याआधी प्रत्येक ओळीला तीन प्रश्न विचारावेत. हा आकार कशावर मोजला जातो, तो टाळता येण्याजोगा आहे का, आणि कोणत्या तारखेनंतर तो परत मिळणार नाही. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर शुल्कपत्रकात सहसा नसते. ते परतावा नियमांच्या वेगळ्या पानावर शोधावे लागते, आणि बहुतेकांचे पैसे तिथेच अडकतात.

सर्वांत मोठी ओळ अर्थातच शिक्षण शुल्काची. ते वर्षावर, सत्रावर किंवा क्रेडिटवर, म्हणजे विषयाचा अभ्यासभार मोजण्याच्या एककावर, आकारले जाते, आणि या तीन पद्धतींत विद्यार्थ्याच्या निर्णयांचे परिणाम निरनिराळे होतात. वार्षिक पद्धतीत चार विषय घेतले काय किंवा सहा घेतले काय, रकमेत फरक पडत नाही, मात्र नापास झालेल्या विषयासाठी परीक्षेचे किंवा पुनर्प्रवेशाचे शुल्क वेगळे भरावे लागते. क्रेडिट पद्धतीत नापास झालेला विषय पुन्हा घ्यायचा म्हणजे त्याची पूर्ण किंमत दुसऱ्यांदा मोजायची. अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत या दोहोंच्या मधला मार्ग आढळतो. एका सत्रात साधारण १२ ते १८ क्रेडिटपर्यंत शुल्क एकच असते, आणि त्यापुढील प्रत्येक क्रेडिटचे वेगळे पैसे पडतात. तेथील पदवीला बहुधा १२० क्रेडिट लागतात. दर सत्रात १५ क्रेडिट घेणारा विद्यार्थी ८ सत्रांत मोकळा होतो, आणि पूर्णवेळ गणला जाण्यापुरते १२ क्रेडिट घेणाऱ्याला १० सत्रे लागतात. दोघांचे दर सत्राचे शुल्क सारखेच असल्यामुळे दुसऱ्याला दोन सत्रांचे शुल्क, तेवढ्या काळाचे वसतिगृह आणि इतर आकार जास्तीचे भरावे लागतात. हलका अभ्यासक्रम हा पुष्कळदा महागडा अभ्यासक्रम ठरतो, हे पत्रकावर कुठेही लिहिलेले नसते.

शिक्षण शुल्काचा दर विद्यार्थी कोणत्या वर्गात मोडतो यावरही अवलंबून असतो. इंग्लंडमध्ये स्थानिक पदवी विद्यार्थ्यांच्या शुल्कावर सरकारने घातलेली कमाल मर्यादा असते, परदेशी विद्यार्थ्यांसाठी तशी मर्यादा नसते. स्वीडनने युरोपीय संघ आणि संलग्न देशांबाहेरील विद्यार्थ्यांना २०११ पासून शुल्क लागू केले. जर्मनीच्या सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिक्षण शुल्क नसले तरी बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांकडून २०१७ च्या हिवाळी सत्रापासून दर सत्राला १,५०० युरो घेतले जातात. हा वर्ग प्रवेशाच्या वेळी वास्तव्य, नागरिकत्व आणि कागदपत्रे पाहून ठरवला जातो, आणि एकदा ठरल्यावर तो बदलून घेणे अवघड जाते. त्यामुळे वास्तव्याविषयीचा अर्ज घाईत भरू नये, आणि विद्यापीठाने चुकीचा वर्ग लावला आहे असे वाटल्यास पहिला हप्ता भरण्याआधीच लेखी हरकत नोंदवावी.

पहिल्या वर्षाचा आकडा चारने गुणून संपूर्ण अभ्यासक्रमाचा खर्च काढणे ही सर्वत्र आढळणारी चूक आहे. शुल्क दर वर्षी ५ टक्क्यांनी वाढले, तर चार वर्षांचा एकूण खर्च पहिल्या वर्षाच्या ४ पट न होता सुमारे ४.३१ पट होतो. इंग्लंडमधील मर्यादा २०१७ पासून अनेक वर्षे ९,२५० पौंडांवर स्थिर होती आणि २०२५-२६ साठी ती ९,५३५ पौंड झाली, म्हणजे दीर्घकाळ न हललेला आकडाही अभ्यासक्रमाच्या मध्यावर हलू शकतो. शुल्क प्रवेशाच्या वर्षीचेच शेवटपर्यंत राहणार की दर वर्षीच्या नव्या दराने आकारले जाणार, आणि वाढीला काही कमाल टक्केवारी आहे का, हे लेखी विचारून घ्यावे. कार्यालयातील तोंडी आश्वासन तिसऱ्या वर्षी कोणाला आठवत नाही.

आता किरकोळ म्हणून दुर्लक्षिल्या जाणाऱ्या ओळी. नोंदणी, ग्रंथालय, प्रयोगशाळा, संगणक सुविधा, क्रीडा, विद्यार्थी कल्याण, परीक्षा, ओळखपत्र अशा नावांनी त्या येतात. त्यांतील बहुतेक अनिवार्य असतात, आणि सुविधा वापरली नाही म्हणून त्या माफ होत नाहीत. जर्मनीत शिक्षण शुल्क नाही असे ऐकून जाणाऱ्या विद्यार्थ्यालाही दर सत्राला सत्र अंशदान भरावेच लागते. त्यातून विद्यार्थी कल्याण संस्थेचा वाटा जातो आणि अनेक ठिकाणी सार्वजनिक वाहतुकीचे तिकीटही त्यातच येते. ऑस्ट्रेलियात विद्यार्थी सेवा आणि सुविधा शुल्काची कमाल मर्यादा सरकार दर वर्षी ठरवते, आणि अर्धवेळ विद्यार्थ्याकडून त्या मर्यादेच्या ७५ टक्क्यांहून अधिक घेता येत नाही. असे नियम माहीत असले की आपल्या नावावर पडलेला आकडा तपासता येतो. अर्धवेळ शिकणाऱ्याला पूर्णवेळाचा आकार लावला जाणे ही काही क्वचित घडणारी गोष्ट नाही.

याच गर्दीत काही ओळी नकार दिला तर काढल्या जाणाऱ्या असतात. आरोग्य विमा हे त्याचे ठळक उदाहरण. अनेक अमेरिकी विद्यापीठे आपल्या योजनेचा विमा हप्ता आपोआप खात्यावर टाकतात, आणि विद्यार्थ्याकडे पुरेसे संरक्षण देणारा दुसरा विमा असल्यास ठरावीक मुदतीत अर्ज केल्यावर तो काढून टाकतात. हा अर्ज सहसा दर वर्षी नव्याने करावा लागतो. पहिल्या वर्षी तो काळजीपूर्वक भरलेला विद्यार्थी दुसऱ्या वर्षी मुदत विसरतो आणि एकाच गोष्टीसाठी दोनदा पैसे भरतो.

अनामत या शब्दाने बराच घोटाळा होतो, कारण त्याखाली दोन अगदी वेगळ्या रकमा येतात. जागा राखून ठेवण्यासाठी प्रवेशापूर्वी भरलेली रक्कम पुढे शिक्षण शुल्कात वळती केली जाते, पण विद्यार्थ्याने प्रवेश सोडला तर ती बहुधा बुडते. ग्रंथालय, प्रयोगशाळा किंवा वसतिगृहासाठी सुरक्षा म्हणून घेतलेली रक्कम मात्र विद्यार्थ्याचीच असते आणि देणी वजा करून ती परत मिळायला हवी. पत्रकावर नुसते अनामत असे लिहिले असेल, तर ती यांपैकी कोणती, हे विचारून पावतीवर तसा उल्लेख करून घ्यावा.

परतावा हा भाग मी मुद्दाम सविस्तर लिहीत आहे. प्रवेश रद्द करणे, एखादा विषय सोडणे आणि अभ्यासक्रम मध्येच थांबवणे या तीन वेगळ्या क्रिया आहेत आणि प्रत्येकीची मुदत वेगळी असते. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये प्रवेश रद्द करण्यासाठी टप्पे ठरवून दिले. प्रवेशाच्या जाहीर झालेल्या अंतिम तारखेच्या किमान १५ दिवस आधी अर्ज केल्यास पूर्ण शुल्क परत मिळते, मात्र त्यातून प्रक्रिया शुल्क म्हणून ५ टक्के आणि तेही कमाल ५,००० रुपयांपर्यंत कापता येते. १५ दिवसांहून कमी राहिले असतील तर ९० टक्के, अंतिम तारखेनंतर १५ दिवसांपर्यंत ८० टक्के, १५ ते ३० दिवसांत ५० टक्के आणि त्यानंतर काहीच नाही. सुरक्षा अनामत या हिशेबात येत नाही, ती पूर्ण परत करावी लागते. येथे मोजणी विद्यार्थ्याने पैसे भरल्याच्या दिवसापासून होत नाही, तर संस्थेच्या प्रवेशाच्या अंतिम तारखेपासून होते, आणि वाद बहुधा याच मुद्द्यावर उभा राहतो. आयोग काही वर्षी प्रवेश लांबल्यास वेगळ्या सवलती जाहीर करतो, म्हणून त्या वर्षाचे परिपत्रक पाहणे आवश्यक असते.

ऑस्ट्रेलियात प्रत्येक विषयाला एक गणना दिनांक असतो. त्या दिवसापर्यंत विषय सोडला तर त्याची आर्थिक जबाबदारी राहत नाही, आणि दुसऱ्या दिवशी सोडला तर पूर्ण शुल्क लागू होते. अमेरिकेत आणखी एक गुंता आहे. केंद्रीय आर्थिक साहाय्य घेतलेल्या विद्यार्थ्याने सत्र मध्येच सोडले, तर सत्राचा जितका भाग पूर्ण झाला तितकेच साहाय्य त्याचे धरले जाते. सत्राचा ६० टक्के काळ उलटल्यावरच पूर्ण साहाय्य त्याचे होते. समजा, ४० टक्के सत्र झाल्यावर तो निघून गेला आणि विद्यापीठाची स्वतःची परताव्याची मुदत तोपर्यंत संपलेली असली, तर शुल्कातील एक पैसाही परत येत नाही, आणि साहाय्याचा ६० टक्के भाग मात्र परत करावा लागतो. जो विद्यार्थी पैशांच्या अडचणीमुळे शिक्षण सोडतो, तोच अशा रीतीने नव्या देण्यात सापडतो. म्हणून वर्गात जाणे थांबवण्याआधी शुल्क विभाग आणि आर्थिक साहाय्य विभाग या दोन्ही ठिकाणी चौकशी करावी. नुसती गैरहजेरी म्हणजे प्रवेश रद्द करणे नव्हे, रद्द करण्याचा अर्ज लेखी द्यावा लागतो आणि त्याची पोच ठेवावी लागते.

वसतिगृहाचा करार अनेक ठिकाणी स्वतंत्र असतो. शिक्षण सोडले म्हणून तो आपोआप संपत नाही, आणि सुट्टीच्या काळात खोली धरली जाते की रिकामी करावी लागते, हे आधी कळले तर बरे.

शिष्यवृत्ती मिळाली असेल तर ती केवळ शिक्षण शुल्कावर आहे की एकूण आकारावर, हे पाहावे, कारण ५० टक्के सवलत हे शब्द दोन्ही अर्थांनी वापरले जातात. ती दर वर्षी चालू राहण्यासाठी किती गुण किंवा किती क्रेडिट लागतात, हेही तितकेच महत्त्वाचे. एखादा विषय सोडल्यामुळे विद्यार्थी पूर्णवेळ राहत नाही, आणि एका विषयाचे शुल्क वाचवताना संपूर्ण शिष्यवृत्ती जाते. शिष्यवृत्तीची रक्कम शासनाकडून किंवा प्रायोजकाकडून उशिरा येणार असेल, तर तोपर्यंत विलंब शुल्क लागू नये यासाठी विद्यापीठाला मंजुरीचे पत्र मुदतीपूर्वी द्यावे.

पैसे भरताना विद्यार्थी क्रमांक किंवा संदर्भ क्रमांक अचूक लिहावा, अन्यथा रक्कम विद्यापीठाच्या खात्यात पोचते पण विद्यार्थ्याच्या नावावर चढत नाही. दुसऱ्या देशात पैसे पाठवताना मधल्या बँका आपला आकार त्याच रकमेतून कापतात आणि थोडीशी तूट राहते. ही तूट किरकोळ असली तरी खात्यावर थकबाकी दिसते, आणि थकबाकीमुळे पुढील सत्राची नोंदणी किंवा गुणपत्रक अडवले जाऊ शकते. सर्व आकार पाठवणाऱ्यानेच भरण्याचा पर्याय बँकेकडे मागावा. हप्त्यांची सोय घेताना तिचे स्वतंत्र शुल्क आहे का आणि एक हप्ता चुकल्यास उरलेली संपूर्ण रक्कम लगेच देय होते का, हे वाचावे. आणि कोणी मध्यस्थ सवलतीच्या दरात तुमच्या वतीने शुल्क भरून देतो असे म्हणाला, तर त्याला नकार द्यावा. अशा व्यवहारात चोरीच्या कार्डावरून रक्कम भरली जाते, काही दिवसांनी ती मागे घेतली जाते, आणि विद्यार्थी मध्यस्थाला दिलेले पैसेही गमावतो आणि विद्यापीठाचा थकबाकीदारही होतो. विद्यापीठाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर प्रवेश करून तेथे दिसणाऱ्या खात्यातच पैसे भरावेत.

प्रत्येक पावती अभ्यासक्रम संपेपर्यंत जपून ठेवावी, आणि शेवटच्या सत्रात देणी नसल्याचे प्रमाणपत्र घेताना सुरक्षा अनामतीचा अर्ज त्याच वेळी द्यावा. विद्यापीठाचे ईमेल खाते पदवीनंतर अनेक ठिकाणी बंद होते, म्हणून त्या अर्जावर स्वतःचा कायमचा पत्ता आणि चालू असलेले बँक खाते लिहावे.