दारूची नोंद ठेवताय? या चुका टाळा

लोटे-परशुराम असो, मिरजोळे असो की कुडाळ, एमआयडीसीतली माणसं फोनवर पिण्याची नोंद ठेवायला लागली की पहिला घोटाळा ठरलेला: ‘२ पेग’ लिहायचं आणि मोकळं व्हायचं.

हा पेग केवढा? बरीच अ‍ॅप ३० मिली धरतात. घरी स्टीलच्या पेल्यात अंदाजाने ओतलं की ९० सहज पडते. असे दोन पेले म्हणजे अख्खी क्वार्टर. ४२.८ टक्क्यांच्या १८० मिली व्हिस्कीत सुमारे ६१ ग्रॅम अल्कोहोल असतं. १० ग्रॅमचं एक युनिट धरलं तर रोजची ६ युनिट, आठवड्याची ४२. अ‍ॅपवर मात्र १४ दिसतात. आलेख बघून माणूस खूश होतो, पहिल्या पाळीला डोकं जडच असतं, आणि महिन्याभरात ‘याचा काही उपयोग नाही’ म्हणून अ‍ॅप काढून टाकतो. अ‍ॅपला दोष देऊ नका; त्याला खरा आकडा मिळालाच नव्हता.

औषधाच्या मापाच्या टोपणाने ३० मिली पाणी मोजून रोजच्या पेल्यात ओता आणि त्या रेषेवर नेलपॉलिशची खूण करा. पाच मिनिटांचं काम आहे, पण घाईतली माणसं नेमकं हेच टाळतात. हिशेब असा: मिली × टक्के ÷ १०० × ०.७९ = ग्रॅम. ६५० मिलीच्या ८ टक्के स्ट्राँग बियरमध्ये ४१ ग्रॅम, म्हणजे चार छोटे पेग. ‘मी फक्त बियर घेतो’ म्हणणाऱ्यांनी हे गणित एकदा स्वतःच्या हाताने करावं. उर्राकाला, म्हणजे काजूच्या पहिल्या धारेच्या दारूला, बहुधा लेबल नसतं. साधारण १५ टक्के धरा. माडी दिवसभर आंबत राहते, त्यामुळे सकाळची आणि संध्याकाळची सारखी समजू नका.

रविवारी बसून आठवड्याची नोंद भरू नका. पेला भरला की आधी नोंद, मग घोट.

न प्यायलेल्या दिवशी ० लिहा. रकाना कोरा राहिला तर प्यायला नाहीत की लिहायला विसरलात, हे नंतर कळत नाही.

तिसऱ्या पाळीवाल्यांनी तारीख मध्यरात्री बदलू नये. उठल्यापासून झोपेपर्यंत एक दिवस.

शिमगा, गणपती, गटारी या दिवसांची नोंद ‘सणाचं काय धरायचं’ म्हणून गाळतात. जास्त पिणं त्याच दिवसांत होतं, तेव्हा ते आधी लिहा.

सगळ्यात धोक्याची चूक म्हणजे मोठा आकडा बघून घाबरणं आणि त्याच रात्री एकदम बंद करणं. काही अ‍ॅपमध्ये जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ ही १० प्रश्नांची चाचणी असते. ८ पासून पुढे गुण आले की पिणं धोक्याचं, २० पासून पुढे व्यसन जडल्याची शक्यता. रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक सोडली तर काही तासांत हात थरथरतात, घाम फुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत भ्रम होऊन जिवावर बेतू शकतं. सकाळी प्यायल्याशिवाय हात स्थिर होत नसेल, तर अ‍ॅप बाजूला ठेवा आणि जिल्हा रुग्णालयात मानसोपचार डॉक्टरांना भेटा. १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर चोवीस तास चालू असतो. फिट आली किंवा माणूस बरळू लागला तर फोनवर वेळ घालवू नका, १०८ बोलवा.

नोंदीसाठी कंपनीचा फोन किंवा ईमेल वापरू नका. लॉक स्क्रीनवरच्या सूचनाही बंद करा, नाहीतर कँटीनच्या टेबलावर शेजारचा वाचेल.