कळांच्या वेळी संगीत: तयारी सातव्या महिन्यापासून

लेबर रूममध्ये पहिल्यांदाच लावलेलं संगीत फारसं उपयोगी पडत नाही. त्या सुरांवर सैल व्हायची सवय अंगाला आधी लागायला हवी. म्हणून सातवा महिना लागला की रोज रात्री २० मिनिटं कुशीवर पडून तेच ते ऐका आणि त्यावर श्वास बसवा.

लय मिनिटाला ६० मात्रांची धरा. चार मात्रांत नाकाने श्वास आत, सहा मात्रांत तोंडाने सावकाश बाहेर. एक श्वास दहा सेकंदांचा झाला. भरातली कळ साधारण मिनिटभर टिकते, म्हणजे सहा श्वास. ‘चौथा झाला, आता ओसरेल’ या हिशेबाने मोठा धीर येतो. घाबरून जबडा, खांदे आवळले की तीच कळ जास्त दुखते.

निवड बाळंतिणीचीच हवी. बासरी, संतूर, नुसता तानपुरा, आजीच्या ओव्या, काहीही चालेल. ख्यालाचं रेकॉर्डिंग घेत असाल तर फक्त विलंबित, म्हणजे संथ लयीचा भाग कापून ठेवा. शेवटी द्रुत, म्हणजे जलद लय सुरू झाली की तबल्यामागे श्वासही धावतो.

पहिलटकरणीला १२ तासांहून जास्त लागू शकतात. घरी, येरझाऱ्या घालताना, आवडती गाणी लावा. सरावाचं संगीत कळा जोर धरेपर्यंत राखून ठेवा, नाहीतर त्याचाच कंटाळा येतो. सगळं फोनमध्ये उतरवून घ्या. ऐन कळेत जाहिरात वाजली की लय मोडते. नातेवाइकांचे फोन येऊ नयेत म्हणून एअरप्लेन मोड लावा, पॉवर बँक न्या. स्पीकर चालतो का, सोबत कोण थांबू शकतं, हे रुग्णालयात आधीच विचारा. इअरफोन एकाच कानात. दुसरा सिस्टरच्या सूचनांसाठी मोकळा.

गर्भाशयाचं तोंड ७–८ सेंमी उघडल्यावर पुष्कळ जणींना कुठलाच आवाज नकोसा होतो. तिने हात हलवला तरी सोबतिणीने लगेच बंद करावं, ‘का गं?’ विचारू नये. जोर लावायच्या वेळी तर फक्त डॉक्टर-सिस्टरचं ऐकायचं.

वेदना असह्य झाल्या तर एपिड्युरल, म्हणजे कळा बधिर करणारं पाठीतलं इंजेक्शन, मागायला संकोच करू नका. संगीत त्यासोबतही चालतं. रक्तस्राव, अंगावरून हिरवट पाणी जाणं किंवा बाळाची हालचाल मंदावणं यांपैकी काहीही दिसलं तर श्वास मोजत घरी थांबू नका, ताबडतोब रुग्णालय गाठा.