कूलरच्या कंट्रोलरला धातूचा डबा करून घ्यायचाय?

ईएसपी३२ (वायफायवाला छोटा प्रोग्रॅमेबल बोर्ड) वर कूलरचा कंट्रोलर बनवला, आतून सगळं मस्त चालतंय, आता डबा पाहिजे. थ्रीडी प्रिंटवर भागेल असं मलाही वाटलं होतं, पण पीएलए (थ्रीडी प्रिंटचं नेहमीचं प्लास्टिक) ६० डिग्रीच्या आसपास नरम पडतो आणि मे महिन्यात आपल्या नागपुरात सावलीतच ४५ होतं, त्यात खिडकी पश्चिमेची असेल तर डबा दुपारी पापडासारखा वाकतो. म्हणून अ‍ॅल्युमिनियम.

पहिली गोष्ट म्हणजे अख्खा डबा ठोकळ्यातून कोरून मागू नका. १५० बाय १०० बाय ४० चा ठोकळा घेतला आणि भिंती ३ एमएमच्या ठेवल्या तर सव्वा किलोच्या वर माल नुसता चुरा होऊन जातो, आणि पैसे त्याचेही आपणच देतो. त्यापेक्षा २ एमएमचा पत्रा लेझरवर कापून वाकवून घ्या. पत्रा ५०५२ ग्रेडचा घ्या, ६०६१ टी६ ग्रेडचा वाकवताना तडकतो. भोकं बेंडच्या अगदी जवळ नकोत, निदान ६ एमएम लांब ठेवा, नाहीतर गोल भोकाचं अंडं होतं.

कोरीव काम खरंच लागत असेल तर आतले कोपरे काटकोनात काढून पाठवू नका, कटर गोल असतो भाऊ. ६ एमएमचा कटर म्हणजे कोपऱ्याला कमीत कमी ३ चा रेडियस येणारच, थोडा जास्तच द्या.

ड्रॉइंग करण्याआधी प्रत्येक पार्ट हातात घेऊन व्हर्नियरने मोजा. ०.९६ इंची ओएलईडी स्क्रीन दोन दुकानांतून घेतले तर दोघांची भोकं जुळतीलच असं नाही. एन्कोडरच्या (फिरवायच्या नॉबच्या) आट्यांचा व्यास ७ एमएम, भोक ७.२ द्या. यूएसबी-सीचं भोक तर सगळे सॉकेटच्या मापाने काढतात आणि मग केबलचं जाड प्लास्टिक आत जातच नाही, तिथे १३ बाय ७ ठेवा. एम३ (३ एमएम) स्क्रूला आटे पाडायचे तर ड्रिल २.५, नुसता स्क्रू आरपार जायचा तर ३.२. हे सगळं १:१ प्रिंट काढून पुठ्ठ्यावर चिकटवा, भोकं कापा आणि पार्ट बसवून बघा. दहा रुपयांचं काम आहे, कंटाळा करू नका.

लेझरवाल्याला डीएक्सएफ (सपाट ड्रॉइंगची फाइल), व्हीएमसीवाल्याला (कोरीव कामाच्या मशीनवाल्याला) स्टेप (थ्रीडी) फाइल, आणि दोघांनाही कागदावर एक पीडीएफ द्या ज्यात मापं, जाडी, नग आणि कुठे आटे पाहिजेत ते लिहिलेलं असेल. युनिट एमएम असं ठळक लिहा, कारण फाइल इंचात उघडली की सगळं २५.४ पट होतं. मेट्रोने ॲक्वा लाइनवर लोकमान्य नगरला उतरलं की पुढे हिंगणा एमआयडीसीत जॉबवर्क करणारे भेटतात, पण एका नगासाठी कोणी खूश होत नाही, मशीन लावण्यातच वेळ जातो, म्हणून दोन मित्र जमवा आणि तीन-चार नग एकदम टाका. नट-बोल्ट, वॉशर इतवारीत लोहाओळीतून.

आता माझी चूक. पावडर कोटिंगला देताना आट्यांची भोकं बंद करून द्या हे सांगायचं मी विसरलो. कोटिंग ६० ते ८० मायक्रॉन बसतं, एम३ चे आटे गच्च भरले, सगळे परत टॅपने (आटे पाडायच्या हत्याराने) साफ करत बसलो आणि दोन ठिकाणी रंगाचे टवके उडाले. रागावणार कोणावर, कागदावर मीच लिहिलं नव्हतं.

वायफायचं पण बघा, चारही बाजूंनी धातू असला की सिग्नल गेलाच समजा. मी मागचं झाकण ३ एमएम ॲक्रिलिकचं केलं आणि मॉड्युलचा अँटेना त्या बाजूला वळवला. ॲक्रिलिक कापून आलं की कडा थिनर किंवा स्पिरिटने पुसू नका, बारीक तडे जातात.

आणि आत २३० व्होल्ट आहे, त्यामुळे अर्थिंग पाहिजेच. ॲनोडायझिंग असो की पावडर, दोन्हीतून करंट जात नाही, म्हणून एम४ च्या बोल्टभोवती आतून रंग खरवडा, दातेरी वॉशर टाका, अर्थची वायर तिथे कसा. मग प्लग बोर्डात न लावता मल्टिमीटर बीपच्या (कंटिन्युइटी) सेटिंगवर ठेवून त्याची एक पिन प्लगच्या अर्थ पिनेला लावा, दुसरी डब्याच्या खरवडलेल्या जागेला. बीप आला नाही तर झाकण लावू नका.