पाल्याच्या अर्काचा मधुमेहावरचा प्रयोग: एम.फार्म.च्या नव्या मुलांसाठी

आधी पाला आणि मग मंजुरी, असा क्रम धरलात तर सहामाही वाया गेलीच म्हणून समजा. कॉलेजच्या प्राणी नीतिसमितीने 'फॉर्म बी' (प्राण्यांवरच्या प्रयोगाचा अर्ज) मंजूर केल्याशिवाय एकही रॅट मागवता येत नाही. मधुमेही कंट्रोल गटात (ज्याला मधुमेह घडवतात पण औषध देत नाहीत) सहाऐवजी आठ रॅट मागा, कारण २८ दिवसांत एखाददुसरा दगावतो आणि संख्या मागाहून सहजी वाढवून मिळत नाही.

समजा बेडकीपाला (गुडमार) घेतला. फुलाफळासकट फांदी दाबून वाळवा आणि झेवियर्स कॉलेजच्या ब्लॅटर हर्बेरियममधून (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातून) ओळख पटवून घ्या. नुसती पानं नेऊन काम भागत नाही. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून विनापरवानगी काही तोडू नका. मुंबईच्या पावसाळ्यात पाला सावलीत वाळत नाही, त्याला बुरशी धरते. ४०-४५ अंशांच्या ओव्हनमध्ये वाळवा. तयार अर्कही दमट हवेत गुळासारखा चिकटतो, म्हणून तो डेसिकेटरमध्येच (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) ठेवायचा.

खरी गोम मधुमेह घडवण्यात आहे. त्यासाठी वापरतात त्या स्ट्रेप्टोझोटोसिनचा एकच मोठा डोस स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बहुतेक बीटा पेशी मारतो. तुलनेसाठीचं मधुमेहाचं औषध ग्लिबेनक्लामाइड काम करतं ते उरलेल्या पेशींकडून इन्सुलिन सोडवून. पेशीच नसतील तर तुमचं स्टँडर्ड औषधच नापास होतं आणि अर्काची तुलना कशाशी करणार? म्हणून काही बीटा पेशी वाचवणारं निकोटिनामाइड ११० मिग्रॅ प्रति किलो पोटात टोचून, १५ मिनिटांनी स्ट्रेप्टोझोटोसिन ६५ मिग्रॅ प्रति किलो देण्याची पद्धत बरी. रॅट नर घ्या, माद्या स्ट्रेप्टोझोटोसिनला कमी बळी पडतात. आदल्या रात्री उपाशी ठेवा. स्ट्रेप्टोझोटोसिन ०.१ मोलर, ४.५ पीएचच्या थंडगार सायट्रेट बफरमध्ये ऐनवेळी विरघळवा आणि दहा-पंधरा मिनिटांत संपवा. पीएच ७ कडे सरकला की ते झपाट्याने निकामी होतं, आणि मग 'रॅटला मधुमेह होतच नाही' अशी तक्रार सुरू होते. ते कर्करोगकारक आहे, ग्लोव्हजशिवाय हात लावू नका. टोचल्यावर रात्रभर ५ टक्के ग्लुकोजचं पाणी ठेवा. मरणाऱ्या पेशींतून इन्सुलिन एकदम सुटतं आणि साखर घसरून रॅट मरतात.

७२ तासांनी उपाशीपोटीची साखर पाहून गट पाडा. ४०० मिग्रॅ प्रति किलो डोसला २०० ग्रॅमच्या रॅटसाठी ८० मिग्रॅ अर्क लागतो. तो ०.५ टक्के सीएमसीत (कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोजच्या द्रावणात) २ मिली करून द्या. याहून घट्ट केलात तर गॅव्हाजची (तोंडावाटे थेट जठरात औषध घालायची) सुई तुंबते.

शेपटीच्या रक्ताचा पहिला थेंब पुसा, दुसरा स्ट्रिपवर घ्या. डबीचं झाकण लगेच लावा, नाहीतर दमट हवेने स्ट्रिप बिघडतात. ग्लुकोमीटरवर 'हाय' (साखर यंत्राच्या मर्यादेबाहेर) आलं तर वहीत ६०० भरून मोकळे होऊ नका. सीरम काढून किटने मोजा.